कॅमेऱ्याची जागा आणि दगडाची जागा

बेळगावातले दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळातले, शके 1127 चे. त्यांचं वाचन लायोनेल बार्नेट यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या तेराव्या खंडात छापलं. जीपीएस साधन लावलेला कॅमेरा घेऊन कुणी आज त्या शिळांसमोर उभा राहिला आणि दालनात उपग्रहांचा सिग्नल मिळालाच, तर फोटोच्या नोंदीत अक्षांश साडेएक्कावन्न अंशांच्या आसपास पडेल आणि रेखांश शून्याच्या किंचित पश्चिमेला. आकडा बरोबर असेल, पण शिळा मुळात कुठली हे त्यातून कळणार नाही. ती जिथून गेली ते बेळगाव 15.85 उत्तर आणि 74.50 पूर्व या ठिकाणी आहे आणि त्याचा मागमूसही त्या फोटोत नसेल. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या जुन्या दगडांच्या, वास्तूंच्या, किल्ल्यांच्या नोंदी करणाऱ्या प्रत्येकाने जीपीएस साधन विकत घेण्याआधी हे उदाहरण डोक्यात ठेवावं, असं माझं मत आहे. कॅमेऱ्यावर बसवलेलं जीपीएस फोटोतल्या वस्तूची जागा सांगत नाही, कॅमेरा कुठे होता ते सांगतं. हा फरक सांभाळला तर बेळगाव-निपाणी पट्ट्यात या साधनाइतकं उपयोगी दुसरं काही नाही. विसरला, तर तेच साधन चुकीच्या नोंदीला सहा दशांश स्थळांची खात्री चिकटवून देतं.

साधनाची गरज का पडते, ते आधी पाहू. बेळगाव, खानापूर, निपाणी, हुक्केरी आणि सरहद्दीपलीकडचे चंदगड, कागल या तालुक्यांत वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या शिळा, सतीशिळा, गधेगळ म्हणजे शापवचनाच्या शिळा, तुटलेले नंदी, भग्न मूर्ती गावोगाव पडून आहेत. त्यातल्या थोड्याच सरकारी संरक्षणाखाली आहेत. बाकीच्या शेताच्या बांधावर, तळ्याकाठी, पिंपळाच्या पारावर किंवा मारुतीच्या देवळामागे असतात, आणि त्या जागच्या जागी राहतातच असं नाही. देवळाचा जीर्णोद्धार निघाला की अंगणातले वीरगळ भिंतीला टेकवून रंगवले जातात, रस्ता रुंद झाला की बांधावरचा दगड उचलून पाराशी आणला जातो, आणि घराच्या पायरीला सपाट शिळा हवी असली की अक्षरं खाली घालून ती बसवलीही जाते. वीरगळ मूळ कुठे उभा होता यावर त्याचा बराचसा अर्थ अवलंबून असतो. गोग्रहणात, म्हणजे गुरं सोडवताना, पडलेल्या वीराची शिळा गावाच्या कुठल्या अंगाला होती यावरून जुनी वाट, जुनी शीव, कधी उठून गेलेली वस्तीही कळू शकते. ही जागा फोटोखाली नुसतं गावाचं नाव लिहून टिकत नाही. बेळगावजवळ कंग्राळी बुद्रुक आहे आणि कंग्राळी खुर्दही. चंदगड तालुक्यात शिनोळी बुद्रुक आणि शिनोळी खुर्द आहेत. ‘कंग्राळी येथील वीरगळ’ एवढंच लिहिलेला फोटो वीस वर्षांनी हाती पडला, तर कुठल्या कंग्राळीचा इथपासून शोध सुरू होतो.

यावर जुन्या जाणत्यांचा आक्षेप ठरलेला असतो की आमच्या आधीच्या अभ्यासकांनी उपग्रहांशिवायच काम केलं आणि ते चांगलं केलं. हे खरं आहे. जॉन फेथफुल फ्लीट या मुंबई इलाख्यातल्या सनदी अधिकाऱ्याने खानापूर तालुक्यातल्या हलशीचे कदंबांचे ताम्रपट प्रसिद्ध केले, तेव्हा ते कुठे सापडले हेही नोंदवलं: हलशीबाहेर नंदगडच्या वाटेवर, चक्रतीर्थ नावाच्या लहानशा विहिरीलगतच्या मातीच्या ढिगाऱ्यात. या एका वाक्यात गाव आहे, दिशा आहे, वाट आहे, खूण आहे आणि वस्तू कशात दडली होती तेही आहे. कुठल्याही यंत्राला एवढं सांगता येत नाही. पण या नोंदीचं आयुष्य तिच्यातल्या खुणांच्या आयुष्याएवढंच असतं. विहीर बुजली, वाट शेतात गेली, नवा रस्ता दुसरीकडून निघाला की वाक्य खरं राहूनही निरुपयोगी होतं. सर्व्हे नंबर लिहिला तर तो जास्त टिकतो. पण वाटण्या होत होत एका नंबराचे इतके हिस्से पडतात की दगड नेमका कुठल्या हिश्श्यात होता हे पुढे सांगता येत नाही. अक्षांश-रेखांशाचं सामर्थ्य इथे आहे. त्याला विहीर लागत नाही, वाट लागत नाही, तलाठ्याचं दप्तरही लागत नाही. शिवाय त्यावरून उलट जाता येतं. कर्नाटकात ‘दिशांक’ हे सरकारी ॲप उभ्या जागेवरून सर्व्हे नंबर दाखवतं, म्हणजे आकडा हाती असला तर आजचा उतारा शोधता येतो. तेव्हा फ्लीटचं वाक्य की उपग्रहाचा आकडा असा वाद घालण्यात अर्थ नाही. खुणांचं वाक्य माणसाला समजावून सांगतं आणि खुणा नाहीशा झाल्यावर आकडा त्या वाक्याला जमिनीवर धरून ठेवतो. नोंदीत दोन्ही हवीत.

आता साधनाकडे. या कामासाठी बाजारात आलेली यंत्रं ढोबळमानाने दोन जातींची. पहिली कॅमेऱ्यालाच जोडायची. निकॉनचं 2008 मधलं जीपी-1 हॉट-शूवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या फ्लॅशच्या खाचेत, किंवा पट्ट्यावर बसतं, तारेने कॅमेऱ्याला जोडलं जातं आणि वीजही कॅमेऱ्याचीच खातं. कॅननचं 2012 मधलं जीपी-ई2 स्वतःच्या एका पेन्सिल सेलवर चालतं, त्यात होकायंत्र आहे आणि चाललेल्या वाटेची नोंद ठेवण्याची सोयही आहे. पेंटॅक्सच्या ओ-जीपीएस1 मध्येही होकायंत्र आहे. दुसरी जात नुसत्या लॉगरची. सोनीने 2006 मध्ये आणलेलं जीपीएस-सीएस1 पिशवीला अडकवायचं, ते दर पंधरा सेकंदांनी जागा लिहीत राहतं. घरी आल्यावर संगणकातली प्रणाली फोटोची वेळ आणि लॉगची वेळ जुळवून प्रत्येक फोटोला त्याची जागा देते. पहिल्या जातीत आकडा फोटो काढतानाच फाइलच्या एक्झिफ नोंदीत शिरतो. दुसरीत तो नंतर शिरतो आणि त्याची सगळी मदार घड्याळावर असते. हॉट-शूवर काही बसवलं की फ्लॅशची जागा जाते, ही तक्रार रास्त आहे. वीरगळावरची झिजलेली शिल्पपट्टी किंवा पुसट अक्षरं उठून दिसण्यासाठी बाजूने तिरका उजेड टाकावा लागतो. पण तो फ्लॅश नाहीतरी कॅमेऱ्यापासून दूर, हातात किंवा स्टँडवर धरायचा असतो, त्यामुळे तार किंवा रेडिओ ट्रिगरची सोय केली की ही अडचण बरीचशी सुटते.

घड्याळाचा मुद्दा सीमाभागात जितका बोचरा आहे तितका क्वचितच दुसरीकडे असेल. पुणे-बेंगळुरू महामार्गाने कागल सोडून निपाणीकडे निघालं की दूधगंगेच्या पुलाशी राज्य बदलतं आणि कोगनोळी येते. ताशी साठ किलोमीटरने जाणारी गाडी मिनिटाला एक किलोमीटर कापते. कॅमेऱ्याचं घड्याळ लॉगरच्या दोन मिनिटं पुढे असेल, तर पुलाअलीकडे काढलेला फोटो पुलापलीकडे जाऊन पडतो आणि त्याचा जिल्हा, राज्य सगळं बदलतं. कॅमेऱ्यातलं स्वस्त स्फटिकाचं घड्याळ महिन्याभरात काही सेकंद ते मिनिटभर सरकणं नवलाचं नाही. त्यात जीपीएसचा काळ जागतिक वेळेत, आपण साडेपाच तास पुढे, आणि बहुतेक कॅमेरे फोटोची वेळ लिहिताना ती कुठल्या प्रदेशाची हे वर्षानुवर्षं लिहीतच नव्हते. एक्झिफच्या मानकात त्याची सोय 2016 मध्ये झाली. म्हणून कॅमेऱ्याला थेट जोडलेल्या साधनाचा सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी बोलला जाणारा फायदा असा की ते उपग्रहाच्या वेळेवरून कॅमेऱ्याचं घड्याळच लावून देऊ शकतं. लॉगर वापरणाऱ्याने कामाच्या आधी आणि नंतर जीपीएसच्या पडद्यावरच्या वेळेचा एक फोटो काढून ठेवावा. दोन घड्याळांतला फरक त्यावरून नंतर काढता येतो आणि सगळ्या फोटोंना एकदम लावता येतो.

वेळेइतकीच महत्त्वाची आहे दिशा. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींचं उदाहरण घ्या. लांबलचक भिंती, उतरती छपरं, मोठाली दारं. अशा इमारतीचा पूर्ण दर्शनी भाग चौकटीत घ्यायचा तर समोरच्या रस्त्याच्या पार पलीकडे जाऊन उभं राहावं लागतं. आकडा पडतो रस्त्यावर, किंवा समोरच्या दुसऱ्याच वखारीच्या ओट्यावर. नकाशावर तो ठिपका पाहणारा पुढचा माणूस बिनदिक्कत चुकीच्या वखारीला आपला फोटो लावेल. बेळगावजवळच्या राजहंसगडाचा दूरचा फोटो येळ्ळूरच्या शिवारातून घेतला तर ठिपका शिवारात पडणार आणि गड त्यापासून लांब असणार. यावर उपाय दोन. एक, साधनात होकायंत्र असेल तर ते वापरायचं. एक्झिफमध्ये कॅमेऱ्याच्या रोखाची वेगळी जागा आहे आणि तिथे अंश लिहिले की ठिपक्याला बाण फुटतो. या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एखाद्या अंशाचाच फरक असल्याने तेवढ्यासाठी हिशेब करत बसावं लागत नाही. मात्र लोखंडी फाटक, विजेचा खांब, गाडीचं बॉनेट यांच्याजवळ होकायंत्र बहकतं, आणि वरचेवर हवेत फिरवून ते ताळ्यावर आणावं लागतं. दुसरा उपाय याहून भरवशाचा. लांबून फोटो काढून झाल्यावर वस्तूला जवळजवळ चिकटून आणखी एक फोटो काढायचा, फक्त जागेसाठी. तो सुंदर नसला तरी चालतो. त्याच्या आकड्याला ‘वस्तूची जागा’ म्हणायचं आणि बाकीच्यांच्या आकड्यांना ‘कॅमेऱ्याची जागा’. दोन रकाने वेगळे ठेवले की निम्मा गोंधळ जागीच संपतो.

मग आकडा कितपत खरा? सामान्य लोकांसाठीच्या जीपीएस सिग्नलमध्ये अमेरिकेने मुद्दाम घातलेली खोट मे 2000 मध्ये काढून टाकली, आणि तेव्हापासून उघड्या माळावर साध्या साधनालाही पाच-दहा मीटरांची जागा सहज मिळते. पण बेळगाव-निपाणी पट्ट्याचा सगळा प्रदेश माळ नाही. खानापूरच्या पश्चिमेला, कणकुंबी-जांबोटीकडच्या दाट झाडीत, पावसाने जड झालेल्या पानांखाली सिग्नल दुबळा होतो. बेळगावच्या गणपत गल्लीसारख्या दाटीच्या वस्तीत तो भिंतींवर आपटून वाकड्या वाटेने पोहोचतो, आणि कुठलीही सूचना न देता ठिपका पलीकडच्या गल्लीत जातो. साधन बराच वेळ बंद असेल तर सुरू केल्याबरोबर जागा मिळत नाही. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेची माहिती तीस सेकंदांच्या फेऱ्यांनी पाठवतो, आणि ती पूर्ण उतरल्याशिवाय हिशेब बसत नाही. शिवाय काही कॅमेरे सिग्नल तुटल्यावर शेवटची मिळालेली जागाच काही काळ लिहीत राहतात, आणि नकाशावर दहा वेगळ्या शिळा एकाच ठिपक्यावर रचलेल्या दिसतात. म्हणून गाडीतून उतरल्याबरोबर साधन सुरू करून त्याला आभाळ दाखवायचं, शिळेवरचं शेवाळ आणि पाला हलक्या हाताने बाजूला करेपर्यंत त्याला वेळ द्यायचा, आणि जागा पक्की मिळाल्याची खूण साधनावर दिसल्यावरच कळ दाबायची, ही शिस्त हवी. दशांशानंतरचा पाचवा आकडा एक मीटर दाखवतो, सहावा त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा. ज्या साधनाची स्वतःची चूक पाच मीटर आहे, त्याचा सहावा आकडा छापणं म्हणजे नसलेली अचूकता मिरवणं. जुन्या नकाशांशी जुळवणाऱ्यांनी आणखी एक जपावं. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने टोपोशीट पृथ्वीच्या आकारासाठी धरलेल्या एव्हरेस्टच्या लंबगोलावर आधारलेले आहेत, जीपीएस डब्ल्यूजीएस-84 या दुसऱ्या लंबगोलावर. रूपांतर न करता एकाचा आकडा दुसऱ्यावर टाकला तर या भागात शंभर मीटरांहून जास्त फरक पडतो. तेवढ्यात ओढा ओलांडला जातो, कधी शीवही.

सर्वांत जोरदार आक्षेप याहून साधा आहे. हे सगळं मोबाइल फुकट करतो, मग वेगळं साधन कशाला? रोजगार हमीची कामं, घरकुलं, पीक पाहणी या सगळ्यांसाठी आज जिओटॅग फोटो लागतो आणि गावातला कुणीही तरुण तो काढून देतो. महाराष्ट्राची ई-पीक पाहणी 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झाली आणि शेतकऱ्याने स्वतःच्या फोनवरून बांधावर उभं राहून फोटो काढावा हेच तिचं सूत्र. या वापरासाठी फोन पुरेसा आहे, त्याबद्दल वाद नाही. कितीतरी कामांत फोनचा रिसीव्हर जुन्या जोडसाधनांपेक्षा चटकन जागा पकडतो, कारण तो मोबाइल नेटवर्कची मदत घेतो आणि अनेक देशांचे उपग्रह एकदम वाचतो. पण झिजलेल्या शिलालेखाच्या वाचनासाठी लागणारा तपशील, तिरक्या उजेडात घेतलेली रॉ फाइल, लांब लेन्स, शिल्पपट्ट्यांचे क्रमवार जवळचे फोटो हे काम कॅमेऱ्याचं आहे आणि जागेची नोंद त्या मूळ फाइलमध्येच असणं सोयीचं. दुसरी गोष्ट, गावोगाव चालणारी ‘जीपीएस मॅप कॅमेरा’ धाटणीची ॲप्स आकडे, छोटा नकाशा आणि पत्ता फोटोच्या कोपऱ्यावर छापून टाकतात. ग्रामपंचायतीत बिल जोडायला ते ठीक. पण ती पट्टी चित्राचा भाग झालेली असते. ती पुसता येत नाही, संगणकाला त्यातला आकडा सरळ वाचता येत नाही, आणि नेमका शिळेचा खालचा भाग तिच्याखाली दडतो. ज्याला फोनच वापरायचा आहे त्याने फोनला लॉगर करावं: तो खिशात वाट नोंदवत राहील, कॅमेरा फोटो काढेल, आणि संध्याकाळी दोघांची गाठ घालता येईल. नव्या कॅमेऱ्यांनी ब्लूटूथने हेच केलं आहे आणि त्यामुळे वेगळी जोडसाधनं मागे पडत चालली आहेत. माझा आग्रह एखाद्या वस्तूचा नाही. आकडा मूळ फाइलमध्ये, वाचता येईल अशा रूपात आणि योग्य वेळेशी बांधून ठेवण्याची ही रीत टिकावी, एवढंच माझं म्हणणं आहे.

त्या छापील पट्टीचा दुसरा दोष सीमाभागातच खरा कळतो. आकड्यावरून गाव, तालुका, जिल्हा, राज्य हा पत्ता यंत्र स्वतः बनवतं, म्हणजे कुठल्या तरी कंपनीच्या नकाशातून उचलतं. कर्नाटकातली बाची आणि महाराष्ट्रातली शिनोळी ही गावं इतकी लागून आहेत की मधली हद्द त्या नकाशात जराशी सरकली तरी फोटोचं राज्य बदलतं. बेळगाव शहराचं अधिकृत नाव 1 नोव्हेंबर 2014 पासून बेळगावी झालं. जुन्या नोंदी बेळगावच्या, नव्या बेळगावीच्या, आणि दोन्ही एकाच शोधात सापडतील याची खात्री नाही. इथल्या माणसाला नाव ही फुटकळ बाब वाटत नाही. 1 नोव्हेंबर 1956 च्या राज्य पुनर्रचनेनंतर आणि 1967 च्या महाजन आयोगाच्या अहवालानंतर जो सीमावाद चालत आला आणि 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तो गावागणिक लढवला गेला आहे. कुठलं खेडं कुणाचं हाच त्याचा मजकूर. म्हणूनच दगडाच्या नोंदीत नाव यंत्रावर सोडू नये. अक्षांश-रेखांश एका रकान्यात, तो वादात नाही. गावात लोक जे म्हणतात ते नाव दुसऱ्या रकान्यात, मराठी आणि कन्नड दोन्ही लिपींत. सरकारी दप्तरातलं नाव तिसऱ्यात, नोंदीच्या तारखेसह. कुणी म्हणेल, ही गुळमुळीत तटस्थता झाली. तसं नाही. नोंद करणाऱ्याची सीमाप्रश्नावर मतं असू शकतात, असावीतही. पण ज्या नोंदीवर उद्या धारवाडचा अभ्यासक आणि कोल्हापूरचा अभ्यासक दोघांनाही हात ठेवता येईल, तीच नोंद पुढे कुणाच्या तरी युक्तिवादाला बळ देऊ शकते. दगडावरचा मजकूर कन्नडात असेल, मराठीत असेल, संस्कृतात असेल. त्याची जागा मात्र एकच असते.

पण मुळात या आकड्यांवर विश्वास का ठेवावा? एक्झिफमधला आकडा कुणीही मिनिटभरात बदलू शकतो. ‘एक्झिफटूल’सारखी फुकट प्रणाली त्यासाठी पुरते. फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला तर आकडा गळूनच जातो, फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तरच टिकतो. हे सगळं मान्य. पण खाडाखोड वहीतही होते आणि वही हरवतेही. कुठल्याही नोंदीची पत तिच्या एका आकड्यात नसते, आजूबाजूच्या नोंदींशी ती किती जुळते यात असते. एका फोटोचा आकडा खोटा घालणं सोपं आहे. दिवसभराच्या वाटेचा सलग लॉग, त्याच्याशी सेकंदागणिक जुळणारे फोटो, फोटोतल्या सावलीचा कल, हाताने लिहिलेली टीप आणि न बदललेली रॉ फाइल हे सगळं एकमेकांना धरून खोटं रचणं फार अवघड. म्हणून लॉगची फाइल काम झाल्यावर पुसू नये. ती फोटोच्या फाइलींच्या मानाने लहानच असते, आणि फोटोइतकीच जपण्याजोगी असते.

खरा गंभीर आक्षेप उलट टोकाचा आहे. आकडा खरा आहे म्हणूनच तो धोक्याचा आहे. खानापूर तालुक्यातल्या भीमगड अभयारण्यात बारापेडे गुहा आहेत. रॉटनची मोकळ्या शेपटीची वटवाघळं फार काळपर्यंत जगात फक्त तिथेच माहीत होती. अशा गुहेचा बिनचूक ठिपका समाजमाध्यमावर टाकणं म्हणजे गर्दीला आवतण. रानातल्या एकाकी देवळातल्या सुट्या मूर्तीचं तसंच, तिचा आकडा अभ्यासकाच्या आधी चोराच्या उपयोगी पडतो. बेळगावात लष्कराची मोठी वस्ती आहे, किल्ल्याच्या परिसरातही, आणि तिथे परवानगीचा प्रश्न आकड्याच्याही आधी येतो. शिवाय घरी काढलेल्या फोटोत आपल्याच दाराचा आकडा असतो. पण हा आक्षेप आकडा नोंदवण्यावर नाही, जाहीर करण्यावर आहे, आणि ही दोन कामं वेगळी ठेवता येतात. मूळ फाइलमध्ये पूर्ण आकडा ठेवावा. बाहेर देण्याच्या प्रतीत तो दोन दशांशांपर्यंत छाटला तर ठिपका किलोमीटरभराच्या अंतरात कुठेही असू शकतो. संकटात असलेल्या जीवजातींच्या नोंदी ‘आयनॅचरलिस्ट’ सुमारे वीस किलोमीटरांच्या चौकोनात लपवतं. शिळांसाठी इतकं दूर जाण्याची गरज नाही, पण तत्त्व तेच. धोका टाळायला नोंदच न करणं हा मात्र सर्वांत वाईट मार्ग. मूर्ती चोरीला गेली आणि पुढे कुठे सापडली, तर ती कुठली हे सिद्ध करायला हाच फोटो, हाच आकडा कामी येतो. लंडनमधल्या शिळांचं मूळ आपल्याला ठाऊक आहे, कारण ते कुणीतरी लिहून ठेवलं होतं. नाही तर त्या शिळांवरच्या मजकुरावरून सगळं ताडत बसावं लागलं असतं.

हीच रीत मागे वळून जुन्या फोटोंनाही लावता येते, फक्त तिथे प्रामाणिकपणा जास्त लागतो. गांधीजींच्या अध्यक्षतेखालचं 1924 चं बेळगाव काँग्रेस अधिवेशन टिळकवाडीच्या बाजूला भरलं. त्यासाठी खोदलेली विहीर आजही आहे, आणि जुन्या फोटोतल्या मांडवाची जागा ताडायला ती पक्का बिंदू ठरते. 1981 च्या मार्च-एप्रिलमध्ये तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीजवळ महामार्गावर ठाण मांडलं आणि शेवटी गोळीबार झाला. त्या दिवसांचे फोटो कुणाच्या पेटीत असतील तर त्यातला रस्ता आजच्या रुंद महामार्गाशी जुळवायला माणसंच लागणार, कारण वळणं, झाडं, उतार सारं बदललं. अशा फोटोला आकडा द्यायला हरकत नाही, पण तो उपग्रहाचा नाही, अंदाजाचा आहे, किती मीटर इकडेतिकडे असू शकतो आणि कुणाच्या सांगण्यावरून ठरला, हे त्याच रकान्यात लिहायला हवं. नाही तर दोन पिढ्यांनी मोजलेला आकडा आणि आठवलेला आकडा एकाच टंकात, एकाच खात्रीने समोर येतील आणि त्यांच्यात फरक करण्याचं साधन कुणाकडेच उरणार नाही.

तेव्हा साधन घ्यावं की नाही, याचं माझं उत्तर साधं आहे. कॅमेऱ्यावरचं घ्या, जुनं मिळालं तर जुनं घ्या, किंवा फोनच लॉगर म्हणून वापरा. पण त्याच्यासोबत चार ओळींची जबाबदारी उचला: वस्तूची जागा आणि कॅमेऱ्याची जागा वेगळी, रोख किती अंश, आज वस्तू कुठे आहे आणि आधी कुठे होती असं गावकरी सांगतात, आणि हे सांगणारं कोण, म्हणजे पुजारी, जमीनमालक की शाळेतले गुरुजी. यातली तिसरी ओळ कुठलंही यंत्र लिहिणार नाही, आणि बेळगाव-निपाणीच्या दगडांच्या बाबतीत ती सर्वांत मोलाची आहे. नोंदी जमवणाऱ्या मंडळांनी, वाचनालयांनी, महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांकडून नुसते ‘जिओटॅग फोटो’ मागणं थांबवून या चार ओळींसकट फोटो मागावेत, आणि ओळी नसतील तर फोटो परत करावेत. यात दर शिळेमागे दोन-तीन मिनिटं जास्त जातील आणि दिवसाला कमी शिळा होतील. तरीही थोड्या शिळांच्या पक्क्या नोंदी हा ढीगभर ठिपक्यांपेक्षा चांगला सौदा आहे, कारण दगड उद्या हलणार आहे, गावाचं नाव परवा बदलू शकतं, आणि तेव्हा जागा विचारणाऱ्याला उत्तर देणारी दुसरी कुठलीच गोष्ट शिल्लक नसेल.